बार्शी लाइटचे निर्माते

सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यात केम नावाचे गाव आहे. उत्तरेश्वराचे देवस्थान आणि कुंकवाचा उद्योग यांमुळे या गावाचे नाव दूरवर पोहोचले आहे. पुण्याहून सोलापूरकडे जाणारा लोहमार्ग केमवरून जातो. इ. स. १८५९ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने, म्हणजेच जी. आय. पी. रेल्वेने, डिकसळपासून बार्शी रोडपर्यंतचा मार्ग खुला केला. त्या वर्षी केमच्या माळावरून पहिली आगगाडी धावली. पुढच्याच वर्षी ती सोलापूरला पोहोचली. त्या काळचे बार्शी रोड म्हणजेच आजचे कुर्डुवाडी. केमहून सोलापूरकडे निघालेली गाडी थोड्याच वेळात तेथे पोहोचते.

केमच्या स्थानकावर उभे राहून भरधाव जाणारी गाडी पाहावी. शेकडो टन वजनाची ती गाडी धडधडत येते आणि पाहता पाहता दूर निघून जाते. ज्या रुळावरून ती धावते, त्याचा माथा जेमतेम चार बोटे रुंद असतो. इंजिनचालकाच्या हाती गाडी डावीकडे वा उजवीकडे वळविण्याचे कोणतेही साधन नसते. त्याला गाडीचा वेग वाढविता येतो, कमी करता येतो, गाडी थांबविता येते. परंतु तिला वळविता मात्र येत नाही. असे असूनही गाडी प्रत्येक वळण बिनचूक घेते. चाके रुळांना जणू चिकटूनच राहतात. हे कसे घडते?

या प्रश्नाचे उत्तर आगगाडीच्या चाकाच्या घडणीत आहे. ते उत्तर पूर्णपणे जाणून, त्याच्या आधारे सोलापूर जिल्ह्यातील माळरानावर एक चिमुकली रेल्वे उभी करणारा एक अभियंता एकोणिसाव्या शतकात होऊन गेला. त्यांचे नाव एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप. त्यांनी उभारलेली रेल्वे महाराष्ट्रात बार्शी लाइट या नावाने शंभराहून अधिक वर्षे ओळखली गेली.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांचा जन्म ३ मार्च १८५७ रोजी इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यात डीपिंग येथे झाला. त्यांचे वडील शेतकरी होते. एव्हरार्ड हे घरातील थोरले चिरंजीव. त्यांना सहा भाऊ होते. त्यांपैकी गाय कॅलथ्रॉप हे पुढे इंग्लंडमधील एका मोठ्या रेल्वेचे सरव्यवस्थापक झाले. अपिंगहॅम येथील शाळेत शिक्षण झाल्यावर एव्हरार्ड यांनी यंत्रविद्येचा मार्ग धरला. रॉबर्ट स्टीफन्सन आणि कंपनी या इंजिने बांधणाऱ्या नामांकित कारखान्यात त्यांच्या कामाला आरंभ झाला. आगगाडीच्या इतिहासात ज्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते, त्या जॉर्ज स्टीफन्सन यांनी आपल्या पुत्राच्या नावाने हा कारखाना १८२३ मध्ये काढला होता. पुढे १८७४ पासून क्रू येथील रेल्वेच्या कारखान्यात कॅलथ्रॉप यांनी उमेदवारी केली. हातात हातोडा आणि कानस घेऊन, तेलाने माखलेल्या कपड्यांत काम करीतच त्या काळी तरुण अभियंते तयार होत. चाक, आस, कमान, रूळ यांचे खरे ज्ञान अशा कारखान्यातच मिळे.

त्यानंतर काही वर्षे दुसऱ्या एका रेल्वेच्या डबे बांधण्याच्या कारखान्यात काम करून १८८२ मध्ये कॅलथ्रॉप हिंदुस्थानात आले. येथे जी. आय. पी. रेल्वेत इंजिनांचे निरीक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्या वेळी त्यांचे वय पंचवीस वर्षांचे होते. मुंबईहून निघून घाट चढून दख्खनच्या पठारावर येणारा मोठा लोहमार्ग आता वीस-बावीस वर्षांचा झाला होता. परंतु या मार्गाच्या दोन्ही बाजूंना थोडे आत गेले की जुन्याच काळाचे राज्य होते. ज्या गावी रेल्वे आली त्या गावाची भरभराट होई. जे गाव तिच्यापासून दूर राहिले, तेथील माल बैलगाडीच्या गतीनेच चालत असे.

बार्शीचे उदाहरण यासाठी पुरेसे आहे. बार्शी ही कापूस आणि गळिताचे धान्य यांची मोठी बाजारपेठ होती. पण जी. आय. पी. रेल्वेचे सर्वांत जवळचे सोयीचे स्थानक तेथून सुमारे २१ मैल, म्हणजे ३४ किलोमीटर दूर होते. स्थानकाला नाव बार्शी रोड असे दिले होते, पण बार्शी गावात मात्र रेल्वे नव्हती. कापसाने भरलेल्या गाड्या हे अंतर बैलांच्या पायांनी कापीत. उन्हाळ्यात धुळीचे लोट आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल! चाक चिखलात रुतले की बैल दमत आणि माणसे खांदा लावीत. मालाची किंमत वाटेतच वाढे आणि शेतकऱ्याच्या पदरात कमी पडे. दुष्काळात तर याहून वाईट अवस्था होई. बाहेरचे धान्य मोठ्या लोहमार्गापर्यंत लवकर पोहोचे. पण तेथून आतल्या गावी नेण्यासाठी बैल लागत, आणि दुष्काळात बैलांनाच चारा नसे.

यावर उपाय काय? मोठ्या लोहमार्गासारखाच रुंद मार्ग बार्शीपर्यंत बांधावा, तर त्याला खर्च फार. जड रूळ, रुंद भराव, मोठे पूल आणि अवजड इंजिने यांवर पैसा ओतल्यावर तो २१ मैलांच्या वाहतुकीतून वसूल होणे कठीण. कॅलथ्रॉप यांनी वेगळा विचार केला. मोठ्या नदीला जसे लहान ओढे येऊन मिळतात, तशा मोठ्या लोहमार्गाला लहान, हलक्या, कमी खर्चाच्या रेल्वे येऊन मिळाव्यात, असे त्यांचे मत झाले. मात्र स्वस्त रेल्वे म्हणजे कशीबशी चालणारी, वारंवार घसरणारी रेल्वे असता कामा नये. ती स्वस्त असावी, आणि तितकीच सुरक्षितही असावी. या दोन गोष्टींची सांगड घालणे हेच खरे कठीण काम होते.

कॅलथ्रॉप यांनी हे कसे साधले, ते समजण्यासाठी आगगाडीचे चाक रुळावर कसे टिकते, हे प्रथम पाहिले पाहिजे.

बैलगाडीचा आस स्थिर असतो आणि दोन्ही चाके त्याच्या टोकांवर स्वतंत्रपणे फिरतात. गाडी वळली की एक चाक अधिक फिरते, दुसरे कमी फिरते. आगगाडीत असे नसते. तिची दोन चाके आणि आस ही एकत्र घट्ट बसविलेली असतात. एक चाक एक फेरा फिरले की दुसरेही बरोबर एकच फेरा फिरते. ही जोडी जणू एकाच अखंड लोखंडातून घडविलेली असते.

या चाकांच्या आतल्या बाजूस एक उभी कड असते. तिची उंची इंचभरच. ही कड रुळाच्या आतल्या अंगाला राहते. या कडेमुळेच गाडी रुळावर राहते, असे पुष्कळांना वाटते. परंतु ते पूर्ण सत्य नव्हे. कड जर सतत रुळाला घासत राहिली, तर चाक आणि रूळ दोन्ही लवकर झिजतील आणि इंजिनाची पुष्कळशी शक्ती घर्षणातच वाया जाईल. सरळ मार्गावर चांगली गाडी चालते, तेव्हा कड बहुधा रुळाला लागतही नाही. गाडीला मार्गावर ठेवण्याचे पहिले काम चाकाचा जो भाग रुळावर टेकतो, तो करतो.

हा भाग पाहण्यास सपाट वाटतो. पण तो किंचित निमुळता असतो. कडेजवळ चाकाचा व्यास थोडा मोठा आणि बाहेरच्या बाजूस थोडा लहान असतो. हा उतार फार थोडा. सामान्यतः २० भाग रुंदीला १ भाग इतकाच. जॉर्ज स्टीफन्सन यांच्या काळापासून अभियंत्यांना या उताराचे महत्त्व ठाऊक आहे.

आता समजा, चालता चालता चाकांची जोडी डावीकडे थोडी सरकली. डावे चाक आता कडेजवळच्या, म्हणजे मोठ्या व्यासाच्या भागावर टेकते. उजवे चाक बाहेरच्या, लहान व्यासाच्या भागावर येते. दोन्ही चाकांचे फेरे तर सारखेच. परंतु मोठ्या परिघाचे चाक एका फेऱ्यात अधिक अंतर जाते आणि लहान परिघाचे कमी. म्हणून डावे चाक पुढे जाते, उजवे मागे राहते, आणि जोडी उजवीकडे वळून पुन्हा मध्यावर येते. जोडी उजवीकडे सरकली तर याच्या उलट घडते. जोडी अर्धा सेंटिमीटर सरकली, तर दोन चाकांच्या एका फेऱ्यातील चालीत सुमारे ३ मिलिमीटरचा फरक पडतो. फरक लहान, पण काही फेऱ्यांतच तो चाकांना योग्य जागी आणून सोडतो. कोणी हात लावत नाही. चूक झाली की तीच चूक स्वतःला सुधारते.

हे घरी करूनही पाहता येते. दोन सारखे निमुळते पेले घ्यावेत आणि ते तोंडाला तोंड लावून चिकटवावेत. दोन सरळ काठ्या थोड्या उतारावर समांतर ठेवून त्यांवरून ही जोडी सोडावी. ती थोडी डोलत, पण न पडता खाली जाते. आता पेले बुडाला बूड लावून जोडावेत आणि पुन्हा सोडावेत. ही जोडी एकदा एका बाजूला झुकली की झुकतच जाते आणि काठ्यांवरून खाली पडते. पहिल्या जोडीत आगगाडीच्या चाकाप्रमाणे आतला व्यास मोठा असतो. दुसऱ्या जोडीत तो लहान असतो. वस्तू त्याच, परंतु आकाराची दिशा उलटताच परिणाम उलटतो.

वळणावरही हाच आकार उपयोगी पडतो. वळणावरचा बाहेरचा रूळ आतल्या रुळापेक्षा लांब असतो. दोन्ही चाकांचे फेरे सारखे असताना बाहेरच्या चाकाने अधिक अंतर कसे कापावे? वळण लागताच चाकांची जोडी आपोआप बाहेरच्या बाजूस सरकते. बाहेरचे चाक मोठ्या व्यासावर येते, आतले लहान व्यासावर. आणि जोडी वळणाबरोबर वळते. वळणावर बाहेरचा रूळ थोडा उंचही ठेवतात, म्हणजे गाडी आत झुकते आणि तिचे वजनच तिला बाहेर फेकले जाण्यापासून सावरते. वळण फारच तीव्र असेल, तर मात्र निमुळत्या आकाराचे बळ अपुरे पडते. तेव्हा कड रुळाला टेकते आणि चाकांचा कर्कश आवाज ऐकू येतो. कड ही अशी शेवटची राखणदार आहे. आधीचे उपाय थकले म्हणजे ती पुढे येते.

या व्यवस्थेला दोन मर्यादा आहेत. एक म्हणजे, डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे असे सावरत जाताना चाके नागमोडी चालतात. या नागमोडी चालीचे गणित १८८३ मध्ये क्लिंगेल नावाच्या जर्मन अभियंत्याने मांडले. वेग फार वाढला तर हे डोलणे धोक्याचे होते. दुसरी मर्यादा वजनाची. चाकावर खाली दाबणारे वजन पुरेसे असेल, तोवर कड रुळावर चढू शकत नाही. परंतु एखादे चाक हलके झाले आणि त्याच वेळी आडवा रेटा मोठा असला, तर कड रुळाच्या अंगाला घासत वर चढते आणि डबा घसरतो. म्हणून प्रत्येक चाकावर योग्य भार असणे आणि दोन्ही रूळ समपातळीत राहणे या गोष्टी प्रवाशांच्या जिवाशी निगडित आहेत.

ही सर्व तत्त्वे ध्यानी घेऊन कॅलथ्रॉप यांनी आपल्या रेल्वेचा आराखडा तयार केला. मोठ्या लोहमार्गाच्या दोन रुळांमधील अंतर ५ फूट ६ इंच, म्हणजे १६७६ मिलिमीटर होते. बार्शीच्या मार्गासाठी त्यांनी २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर अंतर निवडले. यात खर्चाची बचत होती, तशी वळणाचीही सोय होती. मार्ग काटकोनात वळतो, तेव्हा रुंद मार्गाचा बाहेरचा रूळ आतल्या रुळापेक्षा सुमारे २ मीटर ६३ सेंटिमीटर लांब असतो. अरुंद मार्गावर हाच फरक सुमारे १ मीटर २० सेंटिमीटर असतो. वळण लहान असो वा मोठे, हा फरक बदलत नाही. तो केवळ दोन रुळांमधील अंतरावर अवलंबून असतो. फरक कमी, म्हणून अरुंद मार्गाच्या चाकांना तीव्र वळणही सोपे जाते. टेकडी आली तर तिला वळसा घालता येतो. डोंगर फोडण्याचा आणि मोठे भराव घालण्याचा खर्च वाचतो.

यापेक्षाही महत्त्वाचा विचार वजनाचा होता. रूळ किती जाड असावा, हे संपूर्ण गाडीच्या वजनावरून ठरत नाही. ते सर्वांत जड आसावरून ठरते. रेल्वेत सामान्यतः इंजिनाचे आस सर्वांत जड असतात. म्हणजे एका इंजिनाच्या काही आसांसाठी मैलोगणती जाड रूळ घालावे लागतात. कॅलथ्रॉप यांनी एक साधा नियम केला. इंजिन असो, मालाची वाघीण असो वा प्रवाशांचा डबा असो, कोणत्याही आसावर ५ टनांपेक्षा अधिक भार पडता कामा नये. एका आसाला दोन चाके. तेव्हा एका चाकावर अडीच टन. या नियमामुळे यार्डाला ३० पौंड, म्हणजे मीटरला सुमारे १५ किलोग्रॅम वजनाचे हलके रूळ पुरेसे झाले. भार सर्वत्र सारखा, म्हणून रुळांची क्षमता कोठेही वाया गेली नाही.

परंतु भार कमी ठेवूनही माल पुष्कळ वाहायचा होता. त्यासाठी त्यांनी भार अधिक आसांवर वाटला. लीड्स येथील किटसन कंपनीने बांधलेल्या इंजिनांना चालक चाकांच्या चार जोड्या आणि त्यांच्या मागे आणखी दोन जोड्या होत्या. वाघिणी लांब होत्या. त्यांच्या सांगाड्यांसाठी दाबून घडविलेले पोलादी पत्रे वापरून वजन कमी केले होते. प्रत्येक वाघिणीच्या दोन टोकांखाली चार चाकांचा एकेक छोटा गाडा होता. अशा गाड्याला बोगी म्हणतात. बोगी वाघिणीखाली स्वतंत्रपणे वळते, त्यामुळे लांब वाघीणही तीव्र वळण घेऊ शकते. चार आसांवर प्रत्येकी ५ टन, असा वाघीण आणि माल मिळून २० टनांचा भार त्या हलक्या रुळांवरून सुखरूप जाऊ लागला. मोठ्या रेल्वेची कामे लहान रेल्वेलाही करता येतात, हे यातून दिसून आले.

कागदावरचा आराखडा आणि प्रत्यक्ष रेल्वे यांच्यामध्ये मात्र बरीच वर्षे गेली. १८८७ च्या सुमारास कॅलथ्रॉप यांनी बार्शीच्या मार्गाविषयी सरकारशी बोलणी सुरू केली. अर्ज, खुलासे, आक्षेप आणि पुन्हा अर्ज, असे सुमारे आठ वर्षे चालले. दरम्यान त्यांनी जी. आय. पी. रेल्वेची नोकरी सोडली आणि ते इंग्लंडला परतले. पोटापाण्यासाठी इतर कामे करीत असतानाही त्यांनी बार्शीचा नाद सोडला नाही. अखेर १८९५ मध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि कॅलथ्रॉप तिचे सल्लागार अभियंता झाले. इंजिन आणि डबे हिंदुस्थानात पाठविण्यापूर्वी लीड्सजवळ न्यूले येथे मुद्दाम मार्ग घालून त्यांवर गाडी चालवून पाहण्यात आली. इतर अभियंत्यांना ती पाहता यावी, तिच्यातील दोष शोधता यावेत, असा त्यात हेतू होता. आपल्या कामाची परीक्षा इतरांच्या डोळ्यांसमोर व्हावी, यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

मार्च १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी हा मार्ग सुरू झाला. ते दिवस दख्खनमधील दुष्काळाचे होते. ज्या वाटेवर बैलांचे पाय थकत, त्या वाटेने आता चिमुकली गाडी झुक झुक करीत जाऊ लागली. बार्शीचा कापूस कुर्डुवाडीस उतरून मोठ्या गाडीत चढू लागला. १९०६ मध्ये हा मार्ग दुसऱ्या दिशेने पंढरपूरला पोहोचला. आषाढी आणि कार्तिकी यात्रांच्या वेळी वारकऱ्यांची गर्दी या लहान डब्यांत मावेनाशी होई. मोठ्या लोहमार्गाने आलेले यात्रेकरू केम, कुर्डुवाडी करीत येत, कुर्डुवाडीस गाडी बदलत आणि टाळांच्या नादात पंढरीची वाट धरीत. १९११ मध्ये बार्शीकडील मार्ग लातूरपर्यंत गेला. पंढरपूरकडील मार्ग १९२७ मध्ये मिरजेस जाऊन मिळाला. सुरुवातीचे २१ मैल वाढून २०० मैलांच्या वर गेले.

बार्शी लाइटच्या यशामुळे कॅलथ्रॉप यांचे नाव इतर देशांतही झाले. इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायर परगण्यातील मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात त्यांनी याच मापाची एक रेल्वे उभारली. ती १९०४ मध्ये सुरू झाली. तेथे त्यांनी एक नवी युक्ती योजली. मोठ्या मार्गावरची भरलेली वाघीण तशीच्या तशी लहान मार्गावरील एका ठेंगण्या गाड्यावर चढवून पुढे नेता येई. त्यामुळे माल उतरविण्याचा आणि पुन्हा भरण्याचा त्रास वाचला. ही रेल्वे मात्र दीर्घायुषी ठरली नाही. त्या खोऱ्यात वाहतूकच थोडी होती. १९३४ मध्ये ती बंद झाली. उत्तम यंत्र असले तरी त्याला पुरेसे काम नसेल तर ते टिकत नाही, हाही धडा त्यातून मिळतो.

कॅलथ्रॉप यांच्या आयुष्याला पुढे एका दुःखद घटनेने वेगळे वळण दिले. चार्ल्स रोल्स हे त्यांचे स्नेही होते. रोल्स-रॉइस या प्रसिद्ध मोटार कंपनीचे ते एक संस्थापक होते आणि धाडसी वैमानिकही होते. १२ जुलै १९१० रोजी बोर्नमथ येथील विमानांच्या मेळाव्यात रोल्स यांचे विमान मोडून कोसळले आणि त्यांचा अंत झाला. आगगाडीचे चाक थोडे सरकले तर त्याला सावरण्यासाठी चाकाचा आकार असतो. तोही अपुरा पडला तर कड असते. विमान मोडले तर वैमानिकाला सावरणारे काहीच नव्हते. कॅलथ्रॉप यांचे मन या उणिवेकडे वळले. वयाच्या पन्नाशीनंतर त्यांनी हवाई छत्रीचा अभ्यास आरंभिला.

पुढील काही वर्षांत त्यांनी एक छत्री तयार केली आणि तिला रक्षणकर्त्या देवदूताचे नाव दिले. ही छत्री विमानाला लावलेल्या एका डब्यात घडी करून ठेवलेली असे. वैमानिकाने उडी घेतली की त्याच्याच वजनाने ती बाहेर ओढली जाऊन उघडे. पडणाऱ्याचे वजनच त्याला वाचविण्याच्या कामी यावे, अशी ही योजना होती. जानेवारी १९१७ मध्ये कॅप्टन क्लाइव्ह कोलेट या वैमानिकाने सुमारे ६०० फुटांवरून ही छत्री घेऊन विमानातून उडी मारली आणि तो सुखरूप जमिनीवर उतरला.

त्या वेळी पहिले महायुद्ध चालू होते. रोज तरुण वैमानिक जळत्या विमानांतून मृत्युमुखी पडत होते. छत्री तयार होती, तिची परीक्षाही झाली होती. तरीही युद्धाच्या बहुतेक काळात ब्रिटिश वैमानिकांना ती देण्यात आली नाही. शत्रूच्या मुलखात हेर उतरविण्यासाठी मात्र तिचा उपयोग झाला. कॅलथ्रॉप यांनी या कामी आपला वेळ आणि पैसा वेचला. बार्शीच्या बाबतीत आठ वर्षांच्या प्रयत्नांनंतर यश आले होते. येथे यश आले नाही, आणि त्याची किंमत अनेक तरुणांना प्राणांनी मोजावी लागली. युद्धानंतर विमानांत छत्री ठेवणे हळूहळू सर्वत्र आवश्यक मानले गेले. तेव्हा इतरांनी केलेल्या छत्र्या पुढे आल्या. परंतु वैमानिकाला शेवटचा आधार असलाच पाहिजे, हा आग्रह प्रथम धरणाऱ्यांत कॅलथ्रॉप होते.

यंत्रांत रमलेल्या या माणसाला घोड्यांचाही विलक्षण लळा होता. त्यांनी अरबी घोडे पाळले आणि घोड्याला माराने नव्हे तर मायेने शिकवावे, या विचाराने १९२० मध्ये एक पुस्तकही लिहिले. ३० मार्च १९२७ रोजी कॅलथ्रॉप यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांची बार्शी लाइट मिरजेस पोहोचली.

१ जानेवारी १९५४ रोजी भारत सरकारने बार्शी लाइट रेल्वे विकत घेतली आणि ती देशाच्या रेल्वेचा भाग झाली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी तिचे अरुंद रूळ काढून तेथे रुंद रूळ घालण्यात आले. आता कुर्डुवाडीस गाडी न बदलता पंढरपूर, लातूर, मिरज येथे जाता येते. चिमुकली इंजिने गेली, पाच टनांचा नियमही त्या मार्गावर उरला नाही. कॅलथ्रॉप यांनी ज्या वाटा आखल्या, त्या दिशांनीच मोठ्या गाड्या धावत आहेत.

केमच्या स्थानकावरून आजही गाड्या जातात. त्यांचा वेग वाढला आहे. चाकांचा माथाही आता साध्या उताराऐवजी अधिक काळजीपूर्वक ठरविलेल्या वक्र आकाराचा असतो. तत्त्व मात्र तेच आहे. आतला व्यास मोठा, बाहेरचा लहान. चाक सरकले की ते स्वतःच सावरते, आणि त्याच्या पाठीशी इंचभर उंचीची कड उभी असते. चूक होणारच नाही, असे मानून चालू नये. झालेली चूक लवकर सुधारेल अशी रचना करावी, आणि तीही अपुरी पडली तर शेवटचा आधार तयार ठेवावा. आगगाडीच्या चाकाने शिकविलेला हा धडा कॅलथ्रॉप यांनी बार्शीच्या माळावर गिरविला आणि आकाशातही नेला. ज्यांचे प्राण आपल्या कामावर अवलंबून आहेत, त्यांची काळजी आधीपासून वाहणे, हाच अभियंत्याचा खरा धर्म होय.